भरलेला गळा

"अगं बाई, हिचा गळा बघा कसा भरलाय! अगदी देवीच्या मुखवट्यासारखा!"

असं म्हणत हेमराजच्या आत्याबाईंनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि माझं तोंड वर करून जमलेल्या बायकांना माझा गळा दाखवला. बाजारात दुधी दाखवावा तसा. बायकांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, मुलगीच होणार. दुसरी म्हणाली, छे, असा गळा मुलाच्या वेळीच भरतो. मी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसले होते. डोहाळजेवणात झोपाळ्यावरच्या बाईने फक्त लाजायचं असतं. मी लाजले. खरं तर मला थंडी वाजत होती. एप्रिलच्या जळगावात, जिथे कावळेसुद्धा सावली शोधत फिरतात, तिथे मला शाल हवी होती. पण शाल घेतली असती तर गळा झाकला गेला असता आणि बायकांची निराशा झाली असती.

माझं सासर भोळ्यांचं. आडनावच आहे ते, त्यात विनोद शोधू नये, मी शोधून दमले आहे. नवरा हेमराज पाटबंधारे खात्यात होता. सासरे, म्हणजे अप्पा, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. जळगावच्या दोन पिढ्यांकडून त्यांनी क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन पाठ करून घेतलं होतं. निवृत्तीनंतर माणसं गुडघ्यांना तेल लावतात, नातेवाइकांशी भांडतात. अप्पा सत्त्वगुरूंच्या शिबिराला गेले. तिथून परत आले ते वेगळेच. रसायनशास्त्राचे मास्तर घरात शिरले आणि पहिलं वाक्य बोलले, "या घरात आजपासून केमिकल येणार नाही."

पहिला बळी मिठाचा गेला. पुडीतलं पांढरं मीठ त्यांनी स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं. त्या जागी सैंधवाचे गुलाबी खडे आले, शिबिरातूनच. "यात चौऱ्याऐंशी खनिजं आहेत," अप्पा म्हणाले. कोणकोणती, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, सुनबाई, श्रद्धा हवी. मग दूध गेलं, कारण ते वासराचं. साखर, मैदा, चहा, सगळ्यांना निरोप दिला गेला. अंडी या घरात कधी नव्हतीच. मासळीचा तर प्रश्नच नव्हता. मी मालवणची, माशांशिवाय जेवण म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. पण ते मी डोळे उघडे ठेवून पत्करलं होतं, त्याची तक्रार नाही. तक्रार एवढीच की मासे नाहीत, दूध नाही, मीठही नाही, आणि पोटात बाळ.

माझ्या तपासण्याही अप्पांनी शिबिरातल्याच एका वैद्यांकडे लावून दिल्या होत्या. ते नाडी बघायचे, डोळे मिटायचे आणि "उत्तम" म्हणायचे. मी सांगायचे, केस गळतात. उत्तम. जिना चढताना धाप लागते. उत्तम. भर दुपारी झोप आवरत नाही, पाय जड होतात, काल काय केलं ते आज आठवत नाही. "गर्भ सत्त्व ओढून घेतोय," ते म्हणायचे आणि मला जवसाचं पाणी सांगायचे.

तर ते डोहाळजेवण. पाहुण्यांच्या पानात बासुंदीऐवजी तिळाचं दूध होतं आणि बाजरीच्या वड्या होत्या. बायका शिस्तीने एकेक घास घेत होत्या आणि उरलेलं ताटातच पसरवून ठेवत होत्या. अप्पा मध्ये उभे राहून समजावत होते.

"आपल्या सुनबाईंच्या चेहऱ्यावरचं तेज बघा. हा कुठल्या गोळीचा प्रताप नाही, आहाराचा आहे."

माझी आई मालवणहून त्याच सकाळी पोचली होती. रात्रभर प्रवास करून आलेली. व्याह्यांचा मान म्हणून सुकी मासळी घरी ठेवून फक्त कुळथाचं पीठ आणि सोलं आणली होती. ओटी भरायला ती वाकली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिचा हात माझ्या गळ्यापाशी थबकला.

"संजू, ह्यां काय गो?"

"काय?"

"ह्यां. गळ्याक. ही सूज आसा."

तेजाला सूज म्हणणं म्हणजे मंगल कार्यात शिंकण्यासारखं. अप्पा हसत पुढे आले.

"विहीणबाई, ही सूज नाही. हे सत्त्व आहे."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पदर खोचला. माझी आई पदर खोचते तेव्हा मालवणात मासळीवाल्या भाव कमी करतात, पण जळगावात हे कुणाला माहीत नव्हतं.

"सत्त्व असलां तर डॉक्टर सांगात," ती म्हणाली. "उद्या मी तिका घेऊन जातलंय."

"डॉक्टर म्हणजे पुन्हा गोळ्या आणि केमिकल..."

"भावोजी, तुमी यायचां असलां तर या. नसलां तर रवा घरी."

हेमराज माझ्या बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अप्पा म्हणतायत ते बरोबर आहे." आईने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पण आई म्हणतायत तेही बरोबर आहे." एवढं बोलून तो पाहुण्यांना पाणी द्यायला गेला. माझा नवरा सज्जन आहे. फक्त त्याचं सज्जनपण जो शेवटचा बोलतो त्याच्या बाजूला झुकतं.

सासूबाई मात्र या सगळ्यात कुठेच नव्हत्या. त्या नेहमीच कुठे नसायच्या. स्वयंपाकघराच्या दारात, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून उभ्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या, यावलच्याही वरच्या एका खेड्यातून त्या या घरात आल्या, आणि तेव्हापासून अप्पांनी जे ठरवलं ते त्यांनी शिजवलं. त्या दुपारी माझ्या हातात पाण्याचा पेला देताना एवढंच म्हणाल्या, "आमच्या तिकडे अशा गळ्याले देखणा म्हणतात, पोरी. सगळ्या बायांचा असतो."

मला ते कौतुक वाटलं. आत्याबाईंच्या कौतुकात आणखी एक भर.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टर फौजिया काझींकडे गेलो. आम्ही म्हणजे आई, मी, हेमराज, सासूबाई आणि अप्पा. अप्पा डॉक्टरांना समजावण्यासाठी आले होते. सासूबाईंना त्यांनी पुरावा म्हणून आणलं होतं. "हिला बघा म्हणावं, इतकी वर्षं झाली, एक गोळी नाही."

काझी मॅडम बारीक चणीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी माझ्या मागे उभं राहून गळ्यावर दोन्ही हातांची बोटं टेकवली.

"थुंकी गिळा. पुन्हा. हं." मग पुढे येऊन बसल्या. "थंडी वाजते?"

"हो."

"उन्हाळ्यात?"

"हो."

"घरात मीठ कुठलं?"

मी काही बोलायच्या आत अप्पा खुर्चीत पुढे सरकले. त्यांना हाच प्रश्न हवा होता. त्यानंतर काझी मॅडमनी सैंधवाची चौऱ्याऐंशी खनिजं, वासराचा हक्क, आणि पाश्चात्त्यांनी मिठात मिसळलेलं विष असा सगळा अभ्यासक्रम ऐकून घेतला. मध्ये एकदाही टोकलं नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते. अप्पा थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही काय शिकवायचा?"

"रसायनशास्त्र."

"मग आयोडीन शिकवलंच असेल."

"अर्थात. हॅलोजन गट. जांभळी वाफ."

"तेच. त्या चौऱ्याऐंशीत ते जवळजवळ नाही. खडे मिठात नाही, समुद्राच्या जाड्या मिठातही नसल्यातच जमा. म्हणून पुडीतल्या मिठात मुद्दाम घालतात. दुधात थोडं असतं, ते तुम्ही बंद केलंत. माशांत असतं, ते तुमच्याकडे नाही, ठीक आहे. मग या मुलीला ते मिळणार कुठून?"

"पण शरीर स्वतःच..."

"शरीर ते बनवत नाही, सर. अन्नातूनच यावं लागतं. त्याच्याशिवाय गळ्यातली ही ग्रंथी काम करू शकत नाही. मग ती मोठी होते. मिळेल तेवढं ओढून घ्यायला बिचारी फुगते. यालाच तुम्ही तेज म्हणताय." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि दिवस गेल्यावर गरज वाढते. तुमच्यासाठीही हवं, बाळासाठीही. पहिले कित्येक महिने बाळाकडे स्वतःचं काहीच नसतं, सगळं आईकडून. त्यावर त्याचा मेंदू घडतो."

मी पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली. मी इतके महिने त्या लाथा मोजून खूश होत होते. त्या क्षणी मला वाटलं, हे बाळ हाक मारत होतं की काय.

"रक्त तपासू," मॅडम म्हणाल्या. "मग बोलू."

अप्पा उभे राहिले. चेहरा लाल झालेला. "तपासाच. माझंही तपासा. हिचंही तपासा." त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं. "सगळे एकाच पातेल्यातलं खातो. आहारात दोष असेल तर सगळ्यांच्यात दिसेल ना? हा साधा प्रयोगाचा नियम आहे!"

"अगदी बरोबर," काझी मॅडम म्हणाल्या. मला वाटतं, त्या दिवशी अप्पांचं त्यांना पटलेलं ते एकमेव वाक्य.

रिपोर्ट आले तेव्हा आम्ही पुन्हा तसेच, सगळे. अप्पांनी या वेळी इस्त्रीचा सदरा घातला होता, निकालाच्या दिवशी घालायचे तसा.

माझा निकाल वाईट होता. थायरॉइडचं काम बरंच मंदावलेलं. सासूबाईंचा त्याहून वाईट. मॅडमनी त्यांना पदर बाजूला करायला सांगितलं. त्यांनी मान खाली घालून पदर सोडला, आणि मी इतकी वर्षं ज्यांच्या हातचं जेवत होते त्या बाईचा गळा पहिल्यांदा पाहिला. माझी सूज तिच्यापुढे काहीच नव्हती. मुठीएवढी गाठ होती ती.

"आणि माझा?" अप्पांनी विचारलं.

मॅडमनी कागद पुन्हा पाहिला. "तुमचा उत्तम."

अप्पांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मी आयुष्यात पुन्हा तसा बघितला नाही. "बघा! बघा! एकच पातेलं! म्हणजे दोष आहारात नाही. यांच्यात आहे. बायकांच्या प्रकृतीत."

"तुम्ही बाहेर काही खाता का, सर?"

"छे! शिबिरानंतर घराबाहेर पाणीसुद्धा नाही."

आणि तेव्हा सासूबाई बोलल्या. हळू, खाली बघूनच.

"त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शेवेचा चुरा असतो."

"काय?" अप्पा म्हणाले.

"रोजचाच. सदरे मी धुते ना. आधी वाटलं, भुसा आहे. मग वास घेतला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "कधी कचोरीचा कागद पण असतो. चटणीवाला."

माझ्या आईने तोंडाला पदर लावला. हेमराजने छताकडे पाहिलं. सगळं जुळलं. अप्पा रोज संध्याकाळी "प्राणवायूसाठी" चालायला जायचे. प्राणवायू बहुधा स्टेशनरोडच्या कचोरीच्या गाडीवर मिळत होता. गाडीवाला सैंधव थोडाच वापरणार? ज्या मिठाला अप्पांनी घरातून हाकललं, त्याच मिठावर त्यांची ग्रंथी मजेत चालली होती. तपासलेल्या तिघांत निसर्गाच्या कोपापासून वाचलेला एकच माणूस, तो निसर्गाचा सर्वात मोठा भक्त.

मला हसू येत होतं. आलंही. आणि हसतानाच लक्षात आलं की सासूबाई हसत नाहीत. त्या काझी मॅडमकडे बघत होत्या. इतक्या थेट त्या कुणाकडेच बघायच्या नाहीत.

"डॉक्टरबाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"आमच्या गावात सगळ्या बायांचे गळे असेच होते. माझ्या मायचा तर ह्याहून मोठा होता." त्यांनी आपल्या गळ्यावर हात ठेवला. "आमची चंदी... माझी धाकटी बहीण. तिले ऐकू येत नाही. बोलता येत नाही. उंची वाढली नाही. चालते ती डुलत डुलत. माय पोटुशी होती तेव्हा... म्हणजे ते..."

त्यांना पुढचं विचारता आलं नाही.

काझी मॅडमनी चष्मा काढला. "बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आई. पण डोंगराच्या कडेच्या गावांत अशी मुलं जन्मायची. आणि पुष्कळदा कारण हेच असायचं."

"मिठातलं ते?"

"मिठातलं ते."

सासूबाई उठल्या. पदर पुन्हा गळ्याभोवती घेतला नाही. माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि दाराकडे चालू लागल्या.

त्या दिवशी त्या लग्नानंतर पहिल्यांदा एकट्या किराणा दुकानात गेल्या. आयोडीनयुक्त मिठाच्या पुड्या घेऊन आल्या. गुलाबी खड्यांची बरणी उचलली, अप्पांच्या समोर ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही चालायला जाताना घेऊन जा."

"म्हणजे?"

"म्हणजे भाजीत काय पडायचं ते आता मी बघणार."

अप्पांनी त्या संध्याकाळी जेवणावर बहिष्कार टाकला. तत्त्वासाठी. घराबाहेर मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे प्राणवायू घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला पुन्हा दारात आला. कुणी बोलावलं ते कुणी विचारलं नाही. हेमराज चहा प्यायला आणि म्हणाला, "आई बरोबर आहे." कारण शेवटची ती बोलली होती.

मला आणि सासूबाईंना थायरॉइडची गोळी सुरू झाली. मला वाढलेल्या गरजेपुरतं आयोडीन असलेली दुसरी एक. माझी आई निघताना सासूबाईंचे दोन्ही हात धरून उभी राहिली. बाळंतपणाला मला मालवणला न्यायचं तिच्या मनात होतं. ती म्हणाली, "आता हंयच रवांदे तिका." सासूबाईंना मालवणी कळत नव्हती, माझ्या आईला लेवा बोली कळत नव्हती, आणि दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या.

राहिलेले महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, कारण काही घडलं नाही. नुसती वाट पाहिली. शाल सुटली. जिना चढता येऊ लागला. काल काय केलं ते आठवू लागलं, आणि त्यामुळे आधीच्या सगळ्या महिन्यांत काय केलं नाही तेही. काझी मॅडम म्हणायच्या, उशीर झालाय पण फार नाही. मी विचारायचे, फार म्हणजे किती? त्या म्हणायच्या, जन्मल्यावर तपासू.

मुलगी झाली. रडली. खूप मोठ्याने. मी त्या आवाजात काय काय शोधत होते ते नर्सला कळणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, "बाई, आता तरी हसा." तिसऱ्या दिवशी थायरॉइड तपासायला बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. निकाल यायला वेळ लागला आणि आला तोही धड नव्हता. आकडा थोडा जास्त. पुन्हा तपासू.

"थोडा म्हणजे?" हेमराजने विचारलं. त्या दिवशी तो कुणाच्याही बाजूचा नव्हता.

"पुन्हा तपासू," मॅडम म्हणाल्या.

सासूबाई बाळाच्या कानाशी चुटक्या वाजवत बसायच्या. उजव्या कानाशी, मग डाव्या. बाळ दचकलं की त्या डोळे मिटायच्या. मग पुन्हा वाजवायच्या. शेवटी मी म्हणाले, "आई, तिला झोपू द्या." तर म्हणाल्या, "दचकली ना पण? तूही बघितलंस ना?"

दुसरा आकडा चांगला आला. काझी मॅडमनी कागद माझ्यापुढे धरला आणि मी तो न वाचताच रडले. भोकाड पसरून. बाळानेही साथ दिली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण घरात अप्पा होते. हार मानणं त्यांच्या शिक्षकी पेशात बसत नव्हतं. त्यांनी हार मानली नाही, पक्ष बदलला. बाळंतिणीची खोली म्हणून मी आतल्या खोलीत होते. एका दुपारी ते बाहेरून खाकरले आणि एक डबा आत सरकवला.

"सत्त्वगुरूंचं नवीन संशोधन. समुद्रशैवाल चूर्ण. शुद्ध नैसर्गिक आयोडीन! दुधातून बाळाला जाईल. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे."

ज्या आयोडीनला गुरूंनी विष म्हटलं होतं, तेच आता ते डब्यात भरून विकत होते. अप्पांना त्यात काही विसंगत दिसत नव्हतं. विष नैसर्गिक झालं की अमृत होतं.

मी फोन करून काझी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुळीच घेऊ नका. आयोडीन फार कमी वाईट, तसंच फार जास्तही वाईट. त्या चूर्णात किती आहे ते कुणालाच माहीत नसतं. दूध पाजताय तोवर मीठ, दूध, आणि मी दिलेली गोळी. बस."

सासूबाईंनी डबा उचलला आणि बाहेर नेला. नंतर मी अप्पांना विचारताना ऐकलं, "चूर्ण घेते का सुनबाई?" सासूबाई म्हणाल्या, "संपलं." खोटं नव्हतं. मोरीत एका मिनिटात संपलं होतं. अप्पांनी मीठ ओतलं होतं तीच मोरी त्यांनी मुद्दाम निवडली, की ही माझीच कल्पना, ते मला आजही माहीत नाही.

बाळाचं नाव ठेवलं, थोडे महिने गेले, आणि सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "मले माहेरी जायचं आहे. तू चल. पोरीले घे."

"अप्पा?"

"त्यांना चालायला जायचं असतं."

यावलच्या पुढे बस रिकामी होत गेली. सासूबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती, त्यात मिठाच्या पुड्या. डोंगराच्या सावलीत घर होतं, मातीचं, शेणाने सारवलेलं. भाऊ, भावजय आणि त्यांची नवी सून. सुनेचं पोट नुकतंच दिसू लागलेलं. आणि ओट्यावर, भिंतीला टेकून, चंदामावशी, सासूबाईंची चंदी.

म्हातारी होती ती. पांढरे केस, दहा वर्षांच्या मुलीएवढी उंची. सासूबाईंना पाहून तिने घशातून एक आवाज काढला आणि दोन्ही हात पसरले. सासूबाई तिच्याजवळ बसल्या, पिशवीतून फणी काढली आणि तिचे केस विंचरायला लागल्या. जणू कालच अर्धवट सोडलं होतं.

भावजय सुनेला ओरडत होती. येत्या अमावास्येला ग्रहण होतं. ग्रहणात चाकू हातात घ्यायचा नाही, काही चिरायचं नाही, हालचाल करायची नाही.

"आमच्या घरात एकदा झालंय," भावजय मला समजावून सांगत म्हणाली. चंदामावशीकडे बोट दाखवून. "माझ्या सासूने, ही पोटात असताना, ग्रहणात विळीवर वांगं चिरलं होतं. मग हे असं. मरेपर्यंत रडायची बिचारी. म्हणायची, माझ्याच हाताने केलं. शेवटी शेवटी विळीला हातच लावायची नाही."

सासूबाईंचा हात थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं. हे मला माहीत नव्हतं. काझी मॅडमच्या खोलीत पुढचं वाक्य का अडलं होतं ते मला तेव्हा कळलं.

त्यांनी फणी खाली ठेवली. पिशवीतल्या पुड्या काढून सुनेच्या ओंजळीत दिल्या. "ग्रहणात बस नाहीतर नाच, तुझं तू बघ. पण भाजीत हेच टाक. झाकून ठेव, ओलं होऊ देऊ नको. आणि सरकारी दवाखान्यात गळा दाखव. उद्याच."

सून भांबावून पुड्यांकडे बघत राहिली. भावजय म्हणाली, "पण वन्सं, ग्रहण..."

"मायने काही केलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या चंदामावशीकडे वळल्या. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि अगदी जवळून, एकेक शब्द सुटा करत, पुन्हा सांगितलं.

"चंदे. मायने काही केलं नव्हतं."

चंदामावशीला ऐकू येत नव्हतं. ती बहिणीच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली आणि मग, काहीतरी चांगली बातमी असणार असं समजून, हसली.